झाकणावरची तारीख

घुम्याला घुम्या हे नाव कंपनीतल्या लोकांनी ठेवलं, आणि ते चुकलं असं कुणी म्हणणार नाही. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस दिवसाला वीस वाक्यं बोलला तरी डोक्यावरून पाणी, आणि त्यातलीही पंधरा "पाना दे" याच जातीची. पण गंमत बघा. हाच घुम्या संध्याकाळी घरी आला, हातपाय धुतले, चहा घेतला आणि फोन घेऊन बसला की लिहायचं थांबायचं नाव नाही. एका साइटवर लोक आपापल्या इमारतींचं गाऱ्हाणं मांडायचे, आणि लिफ्टचा प्रश्न आला की "अधांतरी" नावाचा कुणीतरी उत्तर द्यायचा. लिफ्ट हिसका का देते, दार दोनदा का उघडतं, आत अडकलात तर काय करू नये. तो अधांतरी म्हणजे आपला घुम्या. एका बाईंनी त्याला लिहिलं होतं की तुमचं वाचल्यापासून माझी आई लिफ्टमध्ये डोळे मिटून घेत नाही. ते वाक्य त्यानं कितीदा वाचलं त्याचं त्यालाच ठाऊक. वाचून दाखवायला घरात होतं कोण? लग्न झालं नव्हतं, ताई दुसऱ्या गावी, तिचा फोन रविवारचा रविवारी.

तर या अधांतरीला कंपनीनं कोर्टात खेचलं.

त्याचं झालं असं. सतरा मजल्यांची एक जुनी इमारत होती. तिथली लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबायला लागली, आणि म्हातारीकोतारी माणसं ठेचकाळायला लागली. घुम्यानं एकट्यानंच वर मशीनरूममध्ये जाऊन ब्रेकचं झाकण उघडलं. आतले पट्टे झिजून कागदाएवढे राहिलेले. लिफ्ट खाली थांबते, ब्रेक बघायला हवा, असं सुपरवायझरला त्यानं त्याआधीच एकदा सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच, बघू. कंपनीच्या कागदावर मात्र पट्टे दरवर्षी बदलले जात होते! मग एका संध्याकाळी अधांतरीनं लिहिलं की या इमारतीत पट्टे बदलल्याची शेवटची तारीख झाकणाच्या आत खडूनं लिहिलेली आहे, आणि ती पावणेतीन वर्षांपूर्वीची आहे. तारीखही त्यानं देऊन टाकली.

ही खडूची पद्धत लिफ्टवाल्यांचीच. कागद हरवतो, साहेब बदलतो, झाकण कुठं जात नाही. ज्यानं झाकण उघडलं त्यानं आतल्या बाजूला तारीख घालायची, खाली आद्याक्षर. पुढच्यानं उघडलं की त्याच्याखाली त्याची. घुम्याच्या खिशात बावीस वर्षं खडू होता. पण त्या दिवशी त्याच्या मनात लिहायचं पक्कं झालेलं होतं, आणि आपण इथं आलो होतो हे कुणाला कळू नये म्हणून त्यानं तारीख घातली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. झाकण तसंच बसवलं, स्क्रू आवळले आणि खाली आला. शहाणपणा केला असं त्याला वाटलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काय उगीच?

कंपनीचा दावा बदनामीचा, आणि तो "अज्ञात व्यक्ती"वर. साइटला हुकूम द्या, या माणसाचं नाव आम्हाला मिळू द्या, एवढीच पहिली मागणी. साइटनं घुम्याला कळवलं की चौदा दिवसांत हरकत घेतली नाहीत तर आम्हाला नाव द्यावं लागेल. नाव गेलं की नोकरी गेली, हे सांगायला वकील नको होता. तरी तो वकिलाकडे गेला. वकीलबाईंची खोली एका झेरॉक्सच्या दुकानावर होती, खाली यंत्र सुरू झालं की टेबल थरथरायचं. बाईंनी सगळं ऐकलं आणि सांगितलं की अज्ञात म्हणूनच कोर्टात उभं राहता येतं, नाव माझ्या कपाटाबाहेर जाणार नाही. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. साइटवर एक अक्षर लिहायचं नाही, आणि हे कुणाला सांगायचं नाही. सांगण्यासारखं कुणी आहे का घरी, असं त्यांनी विचारलं. घुम्या म्हणाला, कुणी नाही. बाईंना ते सोयीचं वाटलं असावं.

खरं म्हणजे एक माणूस होता. भोंगा. घुम्याचा जोडीदार, बावीस वर्षांपासूनचा. हा जितका गप्प तितका तो बोलका, आणि आवाज असा की तळमजल्यावर खाकरला तर सतराव्यावर कळावं. दोघांच्या कामात एक नियम होता, त्यांच्याही आधीच्या माणसांपासून चालत आलेला. घुम्या खाली, लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, भोंगा वर मशीनरूममध्ये. लिफ्ट हलवण्याआधी वरच्यानं ओरडायचं, "कोण?" खालच्यानं नाव सांगायचं, आडनावासकट. वरच्यानं तेच नाव परत म्हणायचं आणि मगच बटणाला हात लावायचा, आणि वरचा सांगेपर्यंत खालच्यानं जागचं हलायचं नाही. "मी" असं उत्तर द्यायला सक्त मनाई. त्या उभ्या बोगद्यात आवाज घुमतो आणि सगळ्यांचा "मी" सारखाच ऐकू येतो. फार पूर्वी कुणाच्या तरी "मी"वर विसंबून लिफ्ट खाली सोडली गेली होती. तेव्हापासून ही शिस्त. घुम्याचं खरं नाव दिवसातून दहा वेळा मोठ्यानं घेणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याच्यापासूनच तो हे लपवत होता.

आठ महिने तारखा पडत राहिल्या. सुट्टी मिळेल तेव्हा घुम्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायचा. त्याच्याकडे कुणी पाहायचं नाही. कंपनीचे वकील सांगायचे की हा भेकड माणूस आडोशाला उभा राहून दगड मारतोय, आणि घुम्या मान खाली घालून ऐकायचा. घरी आल्यावर साइट उघडायचा. लोक विचारत होते, अधांतरी कुठं गेला? घाबरला का? कुणी म्हणे, मुळात थापाच मारत होता. त्या आईवाल्या बाईंनी लिहिलं होतं, तुम्ही बरे आहात ना, एवढं तरी सांगा. त्याची बोटं फोनवर टेकायची आणि परत उचलली जायची. इतकं एकटं त्याला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान चार माणसं येऊन बसली होती.

मधेच एक दिवस सुपरवायझरनं दोघांपुढे एकेक कागद सरकवला. अधांतरीनं लिहिलं त्या महिन्यात तुम्ही त्या ब्रेकचं झाकण उघडलं होतं का? त्या लिफ्टवर हे दोघंच जायचे, म्हणून दोघांनाच प्रश्न. घुम्याला वकीलबाईंचं बजावणं आठवलं. त्यानं "नाही" लिहिलं आणि सही ठोकली. भोंग्यानं काय लिहिलं ते त्यानं पाहिलं नाही. जिना उतरताना भोंगा एक शब्द बोलला नाही. घुम्याला वाटलं, दाढ दुखत असेल.

शेवटी निकाल लागला. न्यायाधीशांना त्या दिवशी सर्दी झाली होती, दर दोन वाक्यांनी रुमाल नाकाशी. त्यांनी कंपनीला एवढंच विचारलं की पट्टे घेतल्याची बिलं कुठं आहेत. कंपनीच्या वकिलांनी कागद उलटेपालटे केले. न्यायाधीश म्हणाले की टीका करणाऱ्याचा बुरखा काढायचा तर टीका खोटी आहे असं आधी सकृद्दर्शनी तरी दाखवा. ते तुम्हाला जमलेलं नाही. मागणी फेटाळली.

घुम्या जिंकला! आणि मग जिना उतरून रस्त्यावर आला. वकीलबाईंनी ओळख दाखवायची नाही असं ठरलं होतं, त्या समोरून निघून गेल्या. पेढे वाटायचे तर कुणाला? रविवारी ताईचा फोन आला, ती म्हणाली, आज आवाज बरा येतोय रे तुझा, काय झालं? तो म्हणाला, काही नाही.

सोमवारी भोंगा कामावर आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी सुपरवायझरनं घुम्याला बोलावून घेतलं आणि नवा जोडीदार मिळेपर्यंत बसूनच राहा म्हणून सांगितलं. टेबलावर कागदांच्या बाजूला ब्रेकचं ते झाकण पडलेलं होतं, आतली बाजू वर. कंपनीनं गुपचूप पट्टे बदलून घेतले होते आणि झाकण पुरावा म्हणून उचलून आणलं होतं. आत शेवटची तारीख तीच होती, अधांतरीनं दिलेली. भोंग्याचं अक्षर, सातच्या पोटात आडवी रेघ.

सुपरवायझर खुशीत होता. कोर्ट नाव देत नाही तर राहिलं, म्हणाला, नाव इथंच लिहिलेलं आहे. भोंग्यानंतर कुणी हे उघडलेलंच नाही. म्हणजे आतली तारीख ठाऊक असलेला माणूस एकच. काढून टाकला परवाच. आणि मग त्यानं दोन्ही कागद काढून पुढे ठेवले.

"तू बघ, सरळ 'नाही' लिहिलंस. आणि हा काय लिहितो? 'आठवत नाही.' ज्याला शहरातल्या प्रत्येक लिफ्टची तारीख तोंडपाठ, त्याला आठवत नाही!"

घुम्या त्या दोन शब्दांकडे बघत राहिला. भोंग्याला चांगलं आठवत होतं. आपण स्वतः झाकण उघडलेलं नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या लिफ्टवर दोघंच जातात हेही. त्यानं "नाही" लिहिलं असतं तर दोन "नाही" समोरासमोर आले असते, आणि दोघांतला खोटा कोण याची चौकशी सुरू झाली असती. म्हणून तो आठवत नाही म्हणाला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला माणूस. दाढ कसली दुखतेय!

दुपारी तो वकीलबाईंकडे गेला. त्याच्या जन्मात तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. बाई ऐकून घेतल्यावर थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या.

"मी तुम्हाला गप्प राहा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "खोटं लिहा असं म्हटलं नव्हतं."

घुम्यानं मान हलवली. बाई मग जरा नरमल्या. म्हणाल्या, कोर्टानं तुमचं नाव कुणाला दिलं नाही, ते तुमच्याकडेच आहे. ठेवलंत तर कुणी काढून घेऊ शकत नाही. तुम्ही स्वतःहून दिलंत तर मात्र परत मागता येणार नाही, आणि ते पुन्हा दावा लावतील. मी आहे, पण जिंकूच असं सांगत नाही. खाली झेरॉक्सचं यंत्र सुरू झालं आणि टेबल थरथरायला लागलं. घुम्या उठला.

चार वाजता तो परत सुपरवायझरच्या खोलीत गेला. सुपरवायझर फोनवर होता, त्यानं हातानंच काय म्हणून विचारलं. घुम्यानं खिशातून खडू काढला, झाकण स्वतःकडे ओढलं आणि भोंग्याच्या तारखेखाली तारीख घातली. आजची नव्हे, ज्या दिवशी उघडलं होतं त्या दिवशीची. आद्याक्षरावर भागवलं नाही, पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली आणखी एक शब्द, अधांतरी. सुपरवायझरनं फोन ठेवला आणि वाचलं. दोनदा वाचलं.

"तू?" तो म्हणाला. "तुला बोलता येतं?"

घुम्यानं खडू परत खिशात ठेवला. सुपरवायझर ओळखपत्र टेबलावर ठेव म्हणाला. भोंग्याला सोमवारी यायला सांगतो, तू येऊ नकोस.

भोंगा तिसऱ्या मजल्यावर राहायचा, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. यावरून बावीस वर्षं विनोद झाले होते. घुम्या ऊन उतरायच्या आत पोचला. दारात भोंग्याचे कामाचे बूट पुसून ठेवलेले होते. त्यानं दार वाजवलं.

"कोण?" आतून आवाज आला. नेहमीच्या मानानं अर्धाच.

"मी" तोंडाशी आलं होतं. गेले आठ महिने तो कोर्टात, साइटवर, ताईच्या फोनवर तेवढाच तर होता, कुणाचाही असू शकेल असा एक मी. त्यानं नाव सांगितलं, आडनावासकट, खड्ड्यातून सांगायचा तसं. जिन्यात ते घुमलं. समोरच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं.

आत पावलं वाजली. मग दाराच्या अगदी जवळून भोंग्यानं ते नाव परत म्हटलं, नियमाप्रमाणे. पण कडी काढली नाही.

"तारीख घातलीस?"

"घातली. तुझ्याखाली."

"कधी?"

"आज."

"तिकडे रोज पानंच्या पानं लिहीत होतास," भोंगा म्हणाला, "आणि ही एक ओळ लिहायला आठ महिने लागले तुला."

घुम्याला रडू आलं. ते त्यानं आवरलं नाही, बघायला कुणी नव्हतं. आतून वहिनींनी विचारलं, कोण आलंय हो? भोंगा दारापाशीच उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. घुम्यानं त्याला सांगितलं की सोमवारी तुला बोलावणं येईल. आपलं काय झालं ते सांगितलं नाही. भोंग्याला ते न सांगताच कळलं.

"मग सोमवारपासून मी वरून हाक मारली की खाली कोण?" त्यानं विचारलं.

वरचा सांगत नाही तोवर खालच्यानं हलायचं नसतं, म्हणून घुम्या बुटांशेजारी उभा राहिला.