पानावर कुणीतरी आहे

हिरवा ठिपका अजून तिथंच होता – मोबाइलच्या काचेवर, तिळाएवढा, आणि शेजारी लिहिलेलं : आत्ता पानावर, एक. रचनानं तव्यावरची भाकरी उलटली, पुन्हा पाहिलं. आपणच आपली वेबसाइट चुकून उघडी ठेवलीय की काय… नाही. दुसरंच कुणीतरी, पीठ मळायला घेतलं तेव्हापासून एकच लेख वाचत बसलेलं.

बेळगावजवळच्या वडगावातल्या या घरात आता एकच माग उरला होता. त्याच्यावरच्या साड्या विकायला तिनं वेबसाइट काढली, पण तिकडं कुणी फिरकेना. लेख लिहा, लोक शोधत येतील, असं सगळे म्हणत. म्हणून तिनं लिहिले – रेशीम कसं धुवावं, घडीवरचे डाग कसे काढावेत – लोक जे शब्द टाकून शोधतात तेच पेरत, आणि वाचताना तिचं तिलाच कोरडं वाटायचं. एका दुपारी मात्र शब्द पेरायचे राहूनच गेले आणि सासूवर, सत्यवतीवर, लिहून झालं : हातमागावर बसायची, आणि मागावरून साडी उतरवण्याआधी पदराच्या उलट बाजूला तांबड्या धाग्याचा एक टाका घालायची. प्रत्येक साडीला. का, ते कुणाला सांगितलं नाही तिनं. आता विचारावं तर तीच नाही…

"लेख वाचून साडी कोण घेतंय गं?" अमृत, तिचा नवरा, सकाळीच म्हणाला होता. "बंद कर ते. मागाचंबी बघू काय करायचं."

तेवढ्यात फोन वाजला.

"मी निपाणीची पद्मावती," म्हातारा, घाईतला आवाज. "साडी न्हाय घ्यायची मला. तू लिवलंस ते सारखं वाचतीया बघ. माझ्या लग्नातली साडी तुमच्या बेळगावच्या शहापुरातनं आणलेली… पदरामागं तांबडा धागा. वीण चुकलीया म्हणून आमचे आप्पा दुकानदाराला लई बोलले हुते. आत्ता पेटीतनं काढून बघितली. कोण हुती गं ती?"

रचना तशीच पिठाच्या हातांनी मागाच्या खोलीत गेली, फोनचा आवाज मोठा केला. अमृतनं माग थांबवला. बाईनं पुन्हा सगळं सांगितलं.

"आक्का, माझी आई ती," तो म्हणाला. फोन कुणीच ठेवला नाही.

नंतर रचना चुलीपुढं नुसती बसून राहिली. किती साड्या असतील – कुठल्या कुठल्या गावांत, कपाटांत, पेट्यांत, नेसणारीच्या पाठीवर – आणि प्रत्येकीत सत्यवती, कुणाला न दिसता… मी तर गिऱ्हाईक ओढायला लिहिलं होतं. हे कुठवर गेलं? आणखी कुठं कुठं पोचलं असेल, मला न कळता?

आतून मागाचा आवाज अजून आला नव्हता. बंद कर, असंही तो पुन्हा म्हणाला नव्हता.

दुपारी तिनं नवा लेख उघडला. एक ओळ लिहिली, पुसली. आजवर ती कुणासाठीही लिहीत होती, म्हणजे कुणासाठीच नाही. आता मात्र निपाणीची ती म्हातारी वाचणार होती; घरातलं मोठं माणूस समोर येऊन बसलं की आपला आवाज आपोआप खाली यावा, तसं काहीसं बोटांना झालं होतं…