चैतालीच्या नावाची रिकामी नळी

मी जांभळ्या टोपणाची नळी बोलतेय. हो, तीच, जिला पाहून भलेभले पैलवान तोंड फिरवतात! बोटाएवढी माझी उंची. कारखान्यात माझ्या पोटातली हवा काढून घेतात, म्हणून सुई टोचली की रक्त आपसूक आत येतं. थोडक्यात, मी जन्माचीच भुकेली. तरी आजवर मी रिकामी आहे.

एका रविवारी सकाळी लॅबच्या वत्सलाबाईंच्या पेटीत बसून मी इंदिरानगरातल्या एका फ्लॅटमध्ये पोहोचले. वत्सलाबाईंनी माझ्यावर चिठ्ठी चिकटवली : चैताली, वय अकरा. एकदा नाव चिकटलं की आम्ही दुसऱ्या कुणाच्या होत नाही. मला तर कपाळी कुंकू लागल्यासारखं वाटलं.

त्या घरातलं दुखणं पिढीजात. चैतालीचे वडील दीपक कंपनीत फिटर. चाळिशी उलटली आणि त्यांचे हात, मान आपोआप हलू लागली, हातातला पाना सुटू लागला. त्यांचे वडील रंगनाथ यांनाही तेच होतं. गावी दिंडोरीत लोकांनी त्यांना दारुडा ठरवलं, आणि त्या माणसानं उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. दीपकच्या तपासणीत आजाराचं नाव कळलं, पण बरं करणारं औषध नाही. चैतालीत तो उतरला असण्याची शक्यता निम्मी. डॉक्टरांनी बजावलं होतं, "लहानपणी कळून काही करता येणार नाही. अठराची झाली की तिलाच ठरवू द्या."

पण आईचा जीव तो! मुलगी जिन्यात जरा अडखळली तरी उज्वलाताई धावत जाऊन तिचे हात निरखायच्या. शेवटी त्यांनी डॉक्टरांना न सांगता दुसऱ्याच लॅबला फोन केला. तिथल्या फॉर्मवर पालकांची सही पुरत होती. चैतालीला सांगितलं, हिमोग्लोबिन बघायचंय.

आजी सिंधुबाईंचा तर पाठिंबाच. "जन्मली तवा पत्रिका काढली, तवा कुठं इचारलं पोरीला? ही बी पत्रिकाच हाय. लग्नाच्या टायमाला लोकं इचारतील. आधी म्हाईत असलेलं बरं."

वत्सलाबाईंनी दंडाला पट्टा बांधला. चैतालीनं मूठ आवळली आणि आईकडे पाहिलं. उज्वलाताईंच्या डोळ्यांना धार लागली होती.

"मम्मी, हिमोग्लोबिनला कुणी रडतं का?"

उज्वलाताईंनी पटकन डोळे पुसले.

"पप्पांचं ते मला आहे का, बघताय ना?"

वत्सलाबाईंनी सुई मुकाट्यानं बाजूला ठेवली. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून दीपक बोलू लागले. त्यांची जीभ आता जड झालीय, म्हणून सगळे थांबून ऐकत होते.

"आई, पत्रिकेतल्या मंगळाची शांत करता येते. ह्याची नाही करता येत. मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी मी विहिरीत सूर मारले, हिच्याशी लग्न केलं, ही पोरगी झाली. दहाव्या वर्षीच कळलं असतं, तर तू मला विहिरीच्या काठाला तरी जाऊ दिलं असतंस?"

सिंधुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "नाय रं. घराबाहेर बी नसतं सोडलं तुला."

चैतालीनं दंडाचा पट्टा स्वतःच ओढून काढला. "मला आत्ता नकोय. मोठी झाले की सांगेन, हवंय की नकोय ते. आणि मम्मी, तूपण गुपचूप बघायचं नाहीस."

खरं सांगते, त्या पोरीच्या कौतुकात मी माझी भूक विसरले.

वत्सलाबाई मला कचऱ्यात टाकणार होत्या, पण उज्वलाताईंनी मागून घेतलं. आता मी त्यांच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली असते. चैताली शाळेत गेली की कधीकधी त्या मला बाहेर काढतात, नावावरून बोट फिरवतात. लॅबचा नंबर फोनमध्ये अजून आहे, हे मला ठाऊक आहे. परवा त्यांनी तो लावलासुद्धा. पलीकडून "हॅलो" आलं आणि त्यांनी घाईघाईनं फोन ठेवला. मला त्यांचा राग येत नाही. एवढी माया घेऊन गप्प बसायचं म्हणजे खायचं काम नाही.

माझ्यावर मुदत छापलेली असते. ती पुढच्या महिन्यात संपतेय. उज्वलाताई, तेव्हा मला खुशाल फेकून द्या, मला वाईट वाटणार नाही. फक्त दुसरी मागवू नका. मागवायचीच झाली, तर चैताली मागवेल.