आधी दिवा, मग माणूस

“आधी दिवा उतरव, मग माणूस,” विहिरीच्या काठावर उभ्या राहून सासूबाई, शांतादेवी, सांगायच्या. “ज्योत विझली तर तिथली हवा आपली न्हाय. मागं फिरायचं.”

त्या गेल्यावर रोजची लिंगपूजा झाली की मी शिंकाळ्यात पणती ठेवून विहिरीत सोडते. नेमच तो.

दोन हजार सातच्या सुमारास आमच्या नेसरीकडच्या माळावर एका कंपनीनं खोल बोअर मारलं. मळीपासून दारू गाळणाऱ्या कारखान्यातला कर्बवायू, हवेहून जड आणि बिनवासाचा, आभाळात न सोडता खडकात कोंबायचा. आभाळ राखल्याबद्दल जितका वायू खाली, तितके परदेशातून पैसे.

“आणि राखण कोण करणार?” यजमानांनी कंपनीच्या साहेबांना विचारलं.

“राखणीचे पैसे कोण देतंय? भाव कोंबण्याचा असतो,” साहेब हसले.

“वा पावणं! म्हंजे म्हस तुमची, आन् दावं धरून आम्ही बसायचं जन्मभर!”

दोन वर्षांत परदेशातला भाव पडला. कोंबणं परवडेना. बोअरच्या तोंडात सिमेंट ओतून, यंत्रं उचलून कंपनी गेली. वायू खालीच राहिला.

मग विहिरीतली बेडकं गप्प झाली. कपारीतले पारवे उडून गेले. एका सकाळी यजमान मोटार बघायला उतरणार, तोच खालच्या पायरीपाशी पणती पुसल्यासारखी गेली. वारा नव्हता. धूरही वर आला नाही. आडवा पसरून तिथंच थांबला, कुणी पांघरूण ओढून निजावं तसा.

“वात वली असंल,” म्हणत त्यांनी पाय टाकला. मी त्यांचा हात धरला. दुसरी पणती सोडली. तीही तिथंच गेली. ते मागं फिरले आणि काठावर येऊन फोन लावत बसले. कंपनीचा फोन लागेना.

विहिरीच्या उताराला, खळग्यात धोंडुबाईचं घर. नातवंडांची अंथरुणं भुईवरच. तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, “न दिसणाऱ्या वाऱ्याला भिऊन घर सोडू व्हय गं? तुझी ज्योत काठाला विझली की हाक मार. उठतो की आम्ही.”

“मारीन,” मी शब्द दिला.

त्यानंतर ज्योत रोज थोडी वर विझायची. खालून कुणीतरी पायऱ्या चढत होतं, आणि पाऊल वाजत नव्हतं.

आज पूजा आटोपून शिंकाळं काठावर टेकवलं. दोर सोडायच्या आधीच ज्योत गेली.

मी दुसरी पणती लावली. ती गुडघ्याच्याही खाली धरली, पदर खोचला आणि धोंडुबाईच्या घराकडे उतारानं निघाले.