दहाच्या जागी तीस

"फोडू का काच?" बायकोनं विचारलं. तिच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात हातोडा.

गाडीच्या आतून चौकशीसाहेबांनी दोन्ही हात असे हलवले, जसा काही घाव त्यांच्या कपाळावरच बसणार होता. "खबरदार! या मॉडेलची काच आता कुठं मिळत नाही!"

"काय?"

"मिळत नाही!"

"काय मिळत नाही? श्वास?"

"काच गं, काच!"

चौकशीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते कचेरीत चौकशीच्या खिडकीमागं बसले. समोर जाड काच, काचेला खाली बशीएवढं भोक. लोक कमरेत वाकून त्या भोकात तोंड घालायचे, आणि साहेब मान वर न करता म्हणायचे, "पुढच्या खिडकीवर विचारा." असं सांगतात की एकदा साहेबांच्या स्वप्नात खुद्द यमदूत आला, तर त्यालाही त्यांनी पुढच्या खिडकीवर धाडलं. खरं-खोटं कोण बघायला गेलंय? पण त्याच आठवड्यात पुढच्या खिडकीवरच्या कारकुनानं अंथरूण धरलं, एवढं मात्र पक्कं.

निवृत्त झाले आणि हात रिकामे झाले. रिकामे हात घराच्या मुळावर उठले. त्यांनी दुरुस्त केलेली इस्त्री फक्त डाव्या बाहीवर तापायची. पंखा असा जोडला की तो लावला की खालच्या मजल्यावरची घंटा वाजायची, आणि खालची माणसं दिवसातून बारा वेळा दार उघडून "कोण आहे?" विचारत उभी. बायको हसायची. आधी मनापासून, मग सवयीनं, मग नाही.

गाडीची गोष्ट वेगळी होती. गाडी अठरा वर्षांची, आणि साहेबांचा जीव तिच्यात. पहिल्यांदा तिचं ऑइल घरी बदललं तेव्हा खाली झोपून त्यांनी भलताच बोल्ट उघडला. इंजिनाचं ऑइल जिथल्या तिथं राहिलं, गिअरचं सगळं गटारात गेलं, आणि वरून इंजिनात चार लिटर नवं ओतलं. नाक्यावरचा फिटर गाडी बघून एवढा हसला की त्याच्या हातातला पाना पडला. "साहेब, जेवून उठला त्याला परत ताटावर बसवलंत, आणि उपाशी होता त्याच्या पुढचं ताट ओढलंत!" साहेबांना ते हसू असं झोंबलं की त्या दिवसापासून त्यांनी फिटरची पायरी चढायची नाही असं ठरवलं.

तर आजचं. बायकोच्या धाकट्या बहिणीचं दुपारी एक वाजता ऑपरेशन होतं, शेजारच्या गावातल्या दवाखान्यात. डॉक्टर काही खात्रीचं बोलत नव्हते. धाकटी फोनवर म्हणाली होती, "ताई, तू काही करू नकोस. मला आत नेतील तेव्हा फक्त दिसशील अशी उभी राहा." बायको पहाटेपासून पिशवी भरून बसली होती. सकाळी एक बस होती साडेदहाची, ती गेली की थेट दोनची. पण साहेब म्हणाले, "घरात गाडी असताना बसनं कशाला? निघूच की. पाच मिनिटं थांब, तेवढा फ्यूज घालतो."

गाडीत एक बटण होतं, दाबलं की चारही दारांची कुलपं एकदम लागायची. त्याचा फ्यूज तीन दिवस उडत होता. फ्यूज दहा अँपिअरचा. साहेबांनी विचार केला, दहाच्यानं झेपत नाही ना, मग तीसचा घालू. घातला. आत बसले, दार ओढून घेतलं आणि चालतंय का बघायला बटण दाबलं.

खट्. चारही कुलपं लागली. मग जळक्या रबराचा वास, धुराची एक रेघ, आणि गाडी मेली. चावी फिरवली तर साधी टकटकसुद्धा नाही. काचा विजेवरच्या, त्या जागच्या हलेनात. आतलं हँडल ओढलं तर दार ढिम्म. हातानं कुलूप उघडायला दारावर जी खुंटी असते, ती चारही दारांवरून साहेबांनीच काढून टाकली होती, चोर तार घालून ती वर ओढतात म्हणून. आणि दुसरी चावी? हरवू नये म्हणून साहेबांनी ती गाडीतच, समोरच्या कप्प्यात ठेवली होती. चोरासाठी एवढा चोख पिंजरा कुणी केला नसेल, फक्त चोर यायच्या आधी मालक आत गेला.

वरच्या मजल्यावरची मास्तरीणबाई आवाज ऐकून खाली आली. तिनं तोंडावर हात ठेवला, पण डोळे हसत होते. "काय हो भाऊ, आत काय करताय?"

"काम!" साहेब आतून ओरडले.

"बाहेरून करता येत नाही का ते?"

"फिटरला फोन लावता का?" बायकोनं तिला विचारलं. फिटरचं नाव निघताच साहेबांचा चेहरा पडला, पण पिंजऱ्यातल्या माणसाला कोण विचारतो. फोन लागला. फिटर दूर कुठंतरी रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकखाली होता, यायला तास-दीड तास लागणार होता. घड्याळात सव्वादहा झाले होते.

बायकोनं हातोडा उचलला. साहेबांनी आतून दोन्ही पंजे काचेला चिकटवले, आता मार म्हणावं. ती थांबली. काचेवर दाबून पांढऱ्या पडलेल्या त्या बोटांकडे तिनं बघितलं.

"हात काढा."

"तासाभराचा प्रश्न आहे! फिटर येईल, मग असा भरधाव नेतो..."

"एक वाजता आत नेणार आहेत हो तिला."

"पोचवतो ना! कधी पोचवलं नाही का?"

"पोचवलंत," ती म्हणाली. ती ओरडली नाही, तरी काचेतून शब्द न् शब्द आत आला. "आईच्या शेवटच्या वेळी रेडिएटर फुटला होता. पोचवलंत तेव्हा तिला उचलून नेलं होतं, पायातल्या चपला काढायचं तेवढं राहिलं होतं माझं."

मास्तरीणबाईनं मान दुसरीकडे वळवली.

साहेबांना वाटलं, हात काढावेत. खरंच वाटलं. पण हात निघेनात. अठरा वर्षांची काच, एक ओरखडा नाही, आणि हातोड्याच्या एका घावात ती सीटभर पसरणार. त्यांनी मान हलवली. नको.

बायकोनं हातोडा गाडीच्या बॉनेटवर ठेवला. रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून खाली पदराचं टोक धरून, हळूच. साहेबांना तेच जास्त लागलं. मग ती मास्तरीणबाईला म्हणाली, "यांच्याकडे लक्ष ठेवा. सावली आहे, ऊन यायला अवकाश आहे. घाबरेघुबरे झाले तर हात कुठंही असू देत, मागची काच फोडा." आणि पिशवी खांद्याला लावून फाटकातून बाहेर पडली.

"अगं!" साहेब ओरडले. हॉर्नवर मूठ आपटली. हॉर्नही मेलेला. ते काचेवर थापा मारत राहिले. लग्नानंतर ही बाई एकटी कधी बसमध्ये चढली नव्हती. तिला बसचा नंबर तरी माहीत आहे का? सुटे पैसे आहेत का? कुठं उतरायचं कळेल का? सगळी चौकशी त्यांच्या तोंडाशी गोळा झाली आणि विचारायला समोर कुणी नव्हतं.

मास्तरीणबाई पायरीवर स्वेटर विणत बसली. दर दहा टाक्यांनी मान वर करून विचारायची, "आहात ना, भाऊ?" साहेब बोट वर करायचे. श्वासानं काच धुकट व्हायची, ते बाहीनं पुसायचे. एक अनोळखी माणूस काचेशी वाकला आणि पत्त्याचा कागद दाखवून तोंड हलवायला लागला. साहेबांच्या तोंडून आपसूक निघालं, "पुढच्या खिडकीवर विचारा." तो माणूस मागच्या दाराच्या काचेशी गेला, आत वाकून बघितलं, आणि कपाळावर हात मारून निघून गेला.

साहेब हसले नाहीत. एकतीस वर्षं लोक काचेपलीकडून असेच तोंडं हलवत होते, आणि आपण अलीकडे बसून समजत होतो की अडकलेत ते.

पावणेबाराला फिटर आला. दाराच्या वरच्या फटीत त्यानं लाकडाची पाचर ठोकली, वाकडी तार आत सरकवली आणि खुंटीच्या भोकात उरलेली सळी तिनं वर ओढली. साहेब तयार होते, आता हसेल. दोन मिनिटांत दार उघडलं, मग तसंच पलीकडचंही. काचेला साधा चरासुद्धा नाही. फिटरनं फ्यूज उपसून हातावर घेतला, साहेबांकडे बघितलं. हसला नाही.

"दहाचा उडत होता म्हणजे कुठंतरी तार खरचटलीय, साहेब. तो बिचारा तेच सांगत होता. तुम्ही तीसचा घालून त्याला गप्प केलंत. मग तार जळली." सगळं वायरिंग बदलावं लागेल, गाडी उद्या ओढून नेतो, असं म्हणून तो गेला.

साहेब अंगणातच येरझाऱ्या घालत राहिले. जेवायला वर गेले नाहीत. एकला दहा कमी असताना थांबले. एकला पुन्हा थांबले. दीड वाजता मास्तरीणबाईनं आपला फोन त्यांच्या हातात दिला.

"पोचलीस?" त्यांनी विचारलं.

"पोचले. बारा-वीसलाच. स्ट्रेचर ढकलत होते तेव्हा हात धरला तिचा. दारापर्यंत."

"कशी आहे?"

"आत आहे अजून. मला बघून हसली."

"कुणी आहे का तुझ्याजवळ? मी येतो. दोनच्या बसनं..."

तिकडे मागं कुणाची तरी पावलं वाजली, एक दार लागलं.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही जेवा. मी येईन माझी मी." मग म्हणाली, "खिडकीची जागा मिळाली होती. उघडी होती खिडकी."

साहेबांनी फोन परत केला. मास्तरीणबाई लोकरीचा गुंडा उचलून वर गेली. साहेब गाडीला वळसा घालून बायकोच्या बाजूला आले, दार उघडलं आणि तिच्या जागेवर बसले. अठरा वर्षांत त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. सवयीनं त्यांनी मान वर करून आरशात बघितलं. आरसा चालवणाऱ्याकडे वळवलेला होता. तिथून त्यात रस्ता दिसत नव्हता, मागच्या सीटचा एक कोपरा तेवढा दिसत होता. आरशाला हात न लावता ते दार उघडं ठेवून तसेच बसून राहिले.