सगळं म्हणजे काय?

घरातल्या बाईमाणसाचं पोट दुखलं की आपण सगळेच डॉक्टर होतो. गॅस असेल, पाळीचं असेल, बाहेरचं खाल्लं असेल. या घरातही तेच झालं. धाकटीचं पोट कितीतरी दिवस जड होतं, कपडे कमरेला घट्ट व्हायला लागले होते, आणि वहिनी हसून म्हणाली होती, "दिवसभर एका जागी बसून असतेस, पोट सुटणारच!"

धाकटी म्हणजे दादाची बहीण, चोवीस वर्षांची, लग्न व्हायची. एका डेंटल लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा रंग जुळवायचा आणि शेवटी फिरत्या ब्रशवर कवळीला चकाकी आणायची. काम एकटीचं. ज्यांच्या तोंडात ते दात जायचे, ती माणसं तिला कधी दिसत नसत.

एका दुपारी त्या ब्रशसमोरच कळ आली आणि ती खाली बसली. मालकांनी तिच्या दादाला फोन केला. मग सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, स्कॅन झाला. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी दादाला आत बोलावलं आणि तिला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा हं."

ती बाकावर बसली. दाराच्या काचेतून दादाची पाठ दिसत होती. बघता बघता ती पाठ वाकत गेली. बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, "काही नाही गं. गाठ आहे. काढून टाकू." आणि गाडीकडे भराभर चालू लागला.

त्यानंतर घरात कुजबुज राहायला आली. धाकटी स्वयंपाकघरात शिरली की बोलणं थांबायचं. फोन वाजला की दादा गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचा. आजारी माणसाने वेळेवर जेवावं म्हणून वहिनी तिचं ताट आधी वाढायची, त्यामुळे ती रोज एकटीच जेवायची. भिंतीपलीकडे आई टीव्ही मोठा करून रडायची. वाईट कोणीच नव्हतं. सगळं अगदी प्रेमाने चाललं होतं! पण त्या प्रेमात धाकटीला बसायला जागा नव्हती.

शेवटी तिने वहिनीला ओट्यापाशी गाठलं.

"वहिनी, कॅन्सर आहे ना?"

वहिनीने नळ सोडला. "गुरुवारी ऑपरेशन ठरलंय. सगळं काढून टाकणार आहेत. म्हणजे पुन्हा काळजी नको."

"सगळं म्हणजे काय?"

"दोन्ही अंडाशयं. गर्भपिशवी. सगळंच." धुतलेलं पातेलं वहिनी पुन्हा धुऊ लागली.

आई दारात येऊन उभी होती. "शेजारी अपेंडिक्सचं सांगितलंय," ती हळूच म्हणाली. "तूही तेच सांग. उगाच चारचौघांत चर्चा नको. पुढे तुझं..." आणि वाक्य तिथेच सोडून ती वळली.

धाकटी आपल्या खोलीत गेली. खूप वेळ ती पोटावर हात ठेवून बसून राहिली. मरणाची भीती होतीच. पण तिला जास्त बोचत होतं ते वेगळंच. आपल्या पोटातल्या गोष्टीबद्दल घरात, दवाखान्यात, नातेवाइकांत सगळे बोलून मोकळे झाले होते. फक्त तिच्याशी कोणी बोललं नव्हतं.

सोमवारी ती कामावर जाते असं सांगून निघाली आणि रिपोर्टची फाईल घेऊन दुसऱ्याच रुग्णालयात गेली. स्त्रियांच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया करणाऱ्या एक डॉक्टर तिथे बसत. केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर.

"बरोबर कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

त्यांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि स्कॅनचा फोटो दोघींना दिसेल असा लावला. गाठ कुठे आहे, केवढी आहे, ते पेनाच्या टोकाने दाखवलं.

"बाळ, ऑपरेशन करायचंच आहे, आणि लवकर. पण ही गाठ एकाच बाजूची दिसतेय. तपासण्यांवरून तरुण मुलींमध्ये होणाऱ्या प्रकारातली वाटतेय. अशा वेळी ती बाजू काढून, आजूबाजूचं सगळं बारकाईने तपासून, दुसरं अंडाशय आणि गर्भपिशवी जागेवर ठेवता येते. सगळ्यांना नाही येत. तुझ्या बाबतीत येईल असं मला वाटतं."

"मग मला हे कोणी सांगितलं का नाही?"

"तू विचारायला आली नव्हतीस. आणि तुला विचारायला कोणी आलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या भावाला घेऊन ये."

घरी सांगितल्यावर भडकाच उडाला. "एकटी गेलीस? आणि तारीख ठरल्यावर?" दादाचा आवाज चढला. पण दुसऱ्या दिवशी तो आला. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"डॉक्टर, मला जीव हवाय तिचा. बाकी काही नको," तो म्हणाला. "बाबांच्या वेळी आम्ही आज बघू, उद्या बघू करत राहिलो आणि बाबा गेले. आता मी काहीही शिल्लक ठेवणार नाही."

"जीव मलाही हवाय," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "पण आजार एकाच बाजूला असेल, तर या प्रकारात बाकीचं काढून तिचं आयुष्य वाढत नाही. उलट दोन्ही अंडाशयं काढली की पाळी कायमची थांबणार, हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागणार, औषधं घेत राहावी लागणार. चोविसाव्या वर्षी तिला पन्नाशीत नेऊन बसवायचं?"

"आणि आत पसरलेलं निघालं तर?"

"तर मी काढेन. तेव्हा तिला भूल दिलेली असेल, विचारता येणार नाही. म्हणूनच आज विचारायला हवं. तिला!"

"अहो, ती लहान आहे. तिला काय कळतंय?"

"अहो, आजार तिला झालाय!" डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोट तिचं आहे. उरलेलं आयुष्य तिलाच काढायचंय. आणि आपण तिच्या डोक्यावरून बोलतोय!"

दादाने धाकटीकडे पाहिलं. मग धाकटीच बोलली.

"दादा, मला मूल हवं की नको, मला आज माहीत नाही. कदाचित नकोही म्हणेन. पण ते 'नको' माझं असू दे. आणि आत जास्त काही निघालं तर डॉक्टरांनी काढावं, मी नाही म्हणणार नाही. मला जगायचंय रे. फक्त माझ्याशी बोला कोणीतरी. इतक्या दिवसांत मी घरात एकटी पडलेय."

दादाने मान खाली घातली. मग त्याने आपली खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी आणून ठेवली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुला वाचवायच्या घाईत मी तुलाच बाहेर बसवलं. सांग, तुला काय विचारायचंय डॉक्टरांना? मीही ऐकतो."

त्याच डॉक्टरांकडे ऑपरेशन झालं. गाठ न फुटता अख्खी निघाली. आतल्या सगळ्या नमुन्यांचे रिपोर्ट यायला वेळ लागला, आणि ते दिवस धाकटीला फार लांब वाटले. पण आजार त्या एकाच बाजूला होता. पुढे केमोची औषधं लागली नाहीत, मात्र काही वर्षं नेमाने तपासणीला यायचं होतं. "मूल होईलच असं वचन मी देत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण दार बंद केलेलं नाही."

एकटेपण एका दिवसात गेलं नाही. रात्री कूस बदलताना टाके ओढायचे, आणि ती भीती तिची एकटीचीच असायची. पण आता पलीकडच्या खोलीत टीव्ही बंद असायचा, आणि आई येऊन विचारायची, "जागी आहेस का? बोलायचंय?"

एके दिवशी शेजारच्या काकू चौकशीला आल्या. "अपेंडिक्स म्हणजे काही मोठं नाही हो," त्या म्हणाल्या. आईने धाकटीकडे पाहिलं. डोळ्यांनीच विचारलं. धाकटीने होकाराची मान हलवली.

"अपेंडिक्स नव्हतं," आई म्हणाली. "अंडाशयाचा कॅन्सर होता."

काकूंनी खुर्ची जवळ ओढली. मग त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या मुलीचं पोट सारखं फुगतं हो. मी गॅसच्या गोळ्या देतेय. जावईबापूंना काय सांगायचं, म्हणून..."

"आधी तिला विचारा, काय होतंय," आई म्हणाली. "आणि उद्याच डॉक्टरकडे न्या. हवं तर मी येते बरोबर."

वाचकहो, पोटाची तक्रार अंगावर काढू नका, आणि आजाराचं नाव लपवू नका. तरुण मुलीला असा आजार झाला तर 'काय वाचवता येईल?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. प्रत्येक वेळी उत्तर मनासारखं येईल असं नाही. पण तो प्रश्न विचारताना तिला दाराबाहेर बसवू नका. तिच्या शेजारी बसा, आणि आधी तिचं ऐका.