त्या दिवशी चेन उतरली नाही

मी तृप्तीची सायकल बोलतेय. तिला मोहाडीच्या शाळेत पोहोचवणं हे माझं काम. चेन माझी पहिल्यापासून खोडकर, रस्त्यात हमखास उतरते. तृप्ती ती चढवते, काळे हात गवताला पुसते, मला चार शिव्या घालते आणि पुन्हा बसते. आमचं बरं चाललं होतं.

दिवाळीनंतर गावात मंडई भरली. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा: लेकी-जावई, पाहुणे, दंडारीचा नाच, नाटक. आणि नेमकी तेव्हाच वीज दडी मारते. म्हणून तृप्तीच्या भावाने, आयटीआयवाल्या प्रविणने, मला घरामागे स्टँडवर चढवलं. मागचा टायर काढून रिंगवरून पट्टा फिरवला, त्याला वीज तयार करणारी मोटर जोडली. पायडल मारलं की अंगणातल्या माळा लखलखायच्या. पाहुणे म्हणाले, "वा रे सायकल!" मी फुगले.

प्रविण थोडा वेळ बसला, मग पंगतीत वाढायला गेला. तृप्तीचे बाबा, खुशाल, तिला म्हणाले, "बेटा, थोडसं मार ना पायडल. जवाईबापू जेवून राहिले."

तृप्ती बसली. तिची मोठी बहीण प्रतिक्षा लग्नानंतर पहिल्यांदाच मंडईला आली होती, तीही एकाच मुक्कामाला. तृप्तीला तिच्याशी किती बोलायचं होतं! पण पाय थांबले की माळा मिणमिणायच्या आणि अंगणातून हाक यायची, "तृप्ती, मार वो!"

"तृप्ती कोठी हाये?" प्रतिक्षाने विचारलं.

"बत्ती लागून राहिली म्हंजे हायेच ना!" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. उजेडात फोटोही निघाला.

मला फक्त चेन सोडायची होती, तृप्ती सुटली असती. रोज तर सोडते! पण कौतुकाची चटक लागली होती, मी ती घट्ट धरून बसले. मला त्याची फार लाज वाटते.

सकाळी प्रतिक्षा नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसली. मोबाइल पाहता पाहता म्हणाली, "तृप्ती, तू काहून नाही वो फोटोत?"

बाबांनी मान खाली घातली.

दुपारी त्यांनी स्वतः टायर चढवला. चेनची एक कडी कमी करून ती कसून बसवली. "आता नाही उतरत, बेटा," एवढंच म्हणाले.

खरंच उतरत नाही. पुढच्या मंडईला मनात आणलं तरी मला ती सोडता येणार नाही. म्हणून पाहुणेहो, तुम्हालाच सांगते. फोटोला उभं राहण्याआधी एकदा घरामागे या, तृप्तीला खाली उतरवून घेऊन जा. फोटो अंधारात आला तर येऊ द्या.