उन्हात बसलेला लॅकी

या, अशा पुढे सरकून बसा. एका बहिणीने भावाला उन्हात कसं रंगवलं ते सांगते. ऐकून जीव निवेल.

आमच्या गोलबर्न नदीकाठी पॅस्कोबाई उघड्यावर तैलरंग शिकवतात. वर्गातली सगळ्यांत नवी ऊना, वय एकोणसत्तर. तिचा थोरला भाऊ लॅकी त्या दिवशी तीन वाजता पर्थला निघाला होता, मुलीकडे, कायमचा. नदीकाठी बसलेला लॅकी एकदा आपल्या हातून उतरावा, एवढीच तिची आस. मोठ्या हौसेने ती नवाकोरा लालभडक ब्लाउज घालून आली होती.

अकरापर्यंत पाण्याची चमक जमली, निलगिरीची खोडं जमली. चित्रातला लॅकीचा चेहरा मात्र सारखा तांबडा दिसे, म्हणून ती त्यात हिरवं मिसळत राहिली. चहाच्या वेळी कॅनव्हास सावलीत आणला, तर लॅकी ओरडलाच, "अगं बये, जिवंतपणीच कुजवलंस की मला!"

चेहरा खरंच शेवाळला होता. ऊनाचे डोळे भरले. "तीनला हा जाणार, बाई."

"रंग नाही, ब्लाउज चुकलाय तुझा," पॅस्कोबाई म्हणाल्या. "ऊन त्याच्यावर पडतं नि लाली कॅनव्हासवर सांडते. आम्ही सगळे मळखाऊ कपड्यांत का येतो, वाटलं?"

"मला वाटलं, धुवायचा कंटाळा," लॅकी म्हणाला.

बाईंनी अंगातला तपकिरी कोट काढून ऊनाला चढवला आणि रंगाच्या सुरीने कॅनव्हासवरचा तेवढा चेहरा खरवडला. "नाक-डोळे शोधू नकोस. टोपीखालची सावली कुठल्या रंगाची, सांग."

ऊनाने डोळे किलकिले केले. "जांभळी. आणि हनुवटीखाली... गवताची हिरवी झाक."

"हा हिरवा खरा. लाव."

चार फटकारे मारले, पाचवा मारला. देव दयाळू, पाचव्यात लॅकी आला. डोळे नव्हते, पण मान कलती करून ऐकायची त्याची सवय तिथे होती.

लॅकी दुखरा गुडघा धरत उठला नि चित्रापाशी आला. "आपले बाबाच बसलेत गं. नेऊ का हे?"

"ओलं आहे रे. वाळायला महिना तरी लागेल."

"मग असू दे तुझ्याकडे. मी इथेच बसलोय समज."

तीनला गाडी गेली. चित्र ऊनाच्या स्वयंपाकघरात आहे. तिथे चहा पिताना ती एकटी नसते. बघणारे तिचं कौतुक करतात, बाईंचंही करतात. तुम्ही मात्र लॅकीला आठवा. बहिणीसाठी दुखरा गुडघा घेऊन तो अख्खी सकाळ उन्हात बसला होता.